कासीद आणि बखरकार

युद्धाची बातमी वाचावी कशी, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. आपल्या जुन्या गद्याचा बराच मोठा भाग मुळी याच गरजेतून जन्मला. आपली माणसे दूर कोठेतरी लढत आहेत, त्यांचे काय झाले ते कळत नाही, आणि जे कळते ते खरे की खोटे हे ठरवता येत नाही, अशा अवस्थेत आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बखरी, अखबार, कैफियती, साहुकारांच्या चिठ्ठ्या ही सारी त्या अवस्थेची अपत्ये. असे असता लढाईची खबर आली की आपण अगदी कोरी पाटी घेऊन बसल्यासारखे गोंधळतो, याचे मला नवल वाटते.

मे २०२५ मधली गोष्ट कोणी विसरले नसेल. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, १० तारखेला गोळीबार थांबला. मधल्या एका रात्री कित्येक वृत्तवाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आवेशाने सांगितले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. त्या रात्री ज्यांनी फटाके शोधले, त्यांनीच दुसऱ्या दिवशी ‘सगळेच खोटे बोलतात’ असा निकाल देऊन टाकला. मला हा निकाल आदल्या रात्रीच्या भाबडेपणाइतकाच आळशी वाटतो. सगळे खरे मानणे आणि सगळे खोटे मानणे, दोहोंतही वाचण्याचे कष्ट वाचतात. कोणत्या साधनावर किती भार टाकावा, हे ठरवण्याची जी विद्या आहे ती आपल्याकडे घरचीच आहे. ती पानिपतच्या कागदांत शिकायला मिळते.

पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. तिच्याविषयी सामान्य मराठी वाचकाच्या मनात जे चित्र आहे, ते आले ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि तिच्यावर पोसलेल्या नाटक-कादंबऱ्यांतून. ही बखर कृष्णाजी शामराव याच्या नावावर आहे. तिची भाषा अशी रसरशीत की तिच्यापुढे आम्हां कादंबरीकारांनी लेखणी खाली ठेवावी. मल्हाररावांनी गनिमी काव्याचा सल्ला द्यावा, भाऊंनी तो झिडकारावा, आणि वाचकाने तेथेच ओळखावे की आता काही खरे नाही. पण संवाद लिहिणे हा माझा धंदा आहे, म्हणून सांगतो: ज्या बातमीत दोन सेनापतींचे खलबत शब्दशः उतरले आहे, त्या बातमीचा लेखक बहुधा त्या डेऱ्यात नव्हता. शेवट माहीत असलेल्या माणसाने सुरुवात लिहिली की तिच्यात अपशकुन आपोआप पेरले जातात. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर तर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली. ज्या आईचा सतरा-अठरा वर्षांचा विश्वासराव रणात पडला, तिला ‘कसे घडले ते सांग’ म्हणून जो लिहून देतो, त्याच्याकडून आपण कसल्या खबरीची अपेक्षा करावी? तो सांत्वन लिहील, आणि लिहावेच. मात्र सांत्वनाला वर्तमान समजून वाचणारा वाचक फसतो, आणि तो दोष बखरकाराचा नव्हे.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १७५० ते १७६१ या काळातली अस्सल पत्रे वाचकापुढे ठेवली, तेव्हा या बखरींच्या राज्याला पहिला धक्का बसला. प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी हजेरी घेतली आहे ती आजही वाचताना आपल्यालाच लागते. त्या खंडातली सदाशिवरावभाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रे ज्याने ओळीने वाचली, त्याला पानिपतचे निराळेच दर्शन घडते. त्यांत वीरश्रीला फारशी जागा नाही. पैसा पाठवा, यमुनेवर पूल बांधण्यासाठी नावा जमवा, अब्दालीच्या पाठीमागे धामधूम करून त्याची रसद तोडा. हेच मागणे पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी आवाज थोडा चढतो. दिल्ली हाती आली तरी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली, ही गोष्ट मग आश्चर्याची राहत नाही. लाखांचा लष्करी जमाव आणि त्याच्या पोटाला दाणा नाही, हे पानिपतचे खरे कथानक. ते पत्रांत आहे, बखरीत ते शौर्याच्या आड झाकले गेले.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी बसवली आहे. युद्धाच्या ज्या बातमीत पिठाचा भाव नाही, तिच्यावर मी फार भार टाकत नाही. तोफा किती आणि विमाने किती हे कोणीही सांगतो. पोटाची व्यवस्था काय, हे जो सांगतो त्याने निदान लष्कर जवळून पाहिलेले असते.

परंतु पत्र समकालीन आहे एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. भाऊंच्या पत्रांवरून गोविंदपंत म्हणजे एक कामचुकार मामलेदार वाटतो. हाच गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या नेमक्या त्याच कामगिरीवर असता, अचानक छाप्यात मारला गेला. वरिष्ठाने अडचणीत असताना हाताखालच्याला लिहिलेल्या पत्रात वरिष्ठाची अडचण खरी असते. हाताखालच्याचे चित्र खरे असतेच असे नाही. पत्र वाचताना ते कोणी कोणाला, काय मागण्यासाठी लिहिले, हे आधी विचारावे लागते. आजच्या संरक्षण मंत्रालयांची निवेदने वाचतानाही हाच प्रश्न आधी विचारावा. निवेदन शत्रूसाठी आहे, मतदारासाठी आहे की मदत देणाऱ्या मित्रराष्ट्रासाठी, हे कळले की त्यातले निम्मे मोजता येते.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबरपासून पानिपतच्या छावणीभोवतीचे रस्ते बंद होत गेले आणि दक्षिणेकडे येणारी पत्रेही आटली. त्या काळात नानासाहेब पेशवे आमच्या मराठवाड्यात होते. डिसेंबरच्या अखेरीस पैठणला त्यांनी दुसरे लग्न केले. त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ बोल लावले आहेत. मला त्यात नीतीपेक्षा बातमीचा प्रश्न मोठा दिसतो. पत्र येत नाही, याचा अर्थ ‘ठीक चालले असेल’ असा घेण्याची सवय पेशव्यांपासून आपल्यापर्यंत चालत आली आहे. बातमी बंद पडली, हीच त्या महिन्यातली सर्वांत मोठी बातमी होती.

पुढे पेशवे उत्तरेकडे निघाले, आणि नर्मदेच्या वाटेवर त्यांना पहिली खबर मिळाली ती सरदाराकडून नव्हे, वकिलाकडून नव्हे; साहुकारांच्या कासिदाकडून. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. पानिपताहून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोचण्याच्या बोलीने निघालेला हा जासूद लष्कराला वाटेत आडवा गेला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत दोन मोत्यांचा, सत्तावीस मोहरांचा आणि चांदी-तांब्याच्या न लागणाऱ्या हिशेबाचा तो प्रसिद्ध मजकूर होता. शाळेत आपण हे वाक्य करुणरसाचे म्हणून पाठ करतो. मला त्यातला हिशेबनीस अधिक मोलाचा वाटतो. मोती दोन, हे त्याला पक्के ठाऊक आहे, म्हणून त्याने आकडा दिला. मोहरा त्याने मोजल्या. खुर्दा मोजता येत नाही, म्हणून मोजता येत नाही असे लिहिले. अंदाजे लाख असे ठोकून दिले नाही. साहुकाराला खोट्या बातमीचा षोक परवडत नव्हता. औरंगाबादच्या पेढीवर उत्तरेच्या हुंड्या वटवायच्या की फिरवायच्या, हे त्या चिठ्ठीवर ठरणार होते. बातमी चुकली तर पेढी बुडणार. बखरकाराचे बातमी चुकल्याने काहीच बुडत नव्हते, उलट कधीकधी ती चुकली तरच बिदागी मिळत असे.

बातमीदार चुकला तर त्याचे स्वतःचे काय बुडते, हा प्रश्न मला निष्पक्षपातीपणाच्या गप्पांपेक्षा कितीतरी उपयोगी वाटतो. युक्रेनचे युद्ध २०२२ च्या फेब्रुवारीत पेटले तेव्हा आमच्या हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात ते आधी सूर्यफुलाच्या तेलाच्या डब्यावर दिसले, कारण आपल्या देशात ते तेल मुख्यतः युक्रेनहून येत असे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा मुत्सद्द्यांची भाषणे काही म्हणोत, जहाजकंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि विमेवाल्यांनी दर चढवले. विमेवाला देशभक्त नसतो आणि देशद्रोहीही नसतो. जहाज बुडाले तर पैसे त्याला मोजावे लागतात. तो त्या कासिदाचा आजचा वंशज. त्याच जातीचे दुसरे काम ऑरिक्स या नावाने काही डच अभ्यासकांनी युक्रेनच्या युद्धात केले. जो रणगाडा फोडलेला छायाचित्रात दिसतो तेवढाच मोजायचा, न दिसलेला मोजायचा नाही. अर्थात असा आकडा खऱ्यापेक्षा कमीच भरतो, आणि तसे ते उघड सांगतात. दोन्ही सरकारांच्या रोजच्या आकड्यांपेक्षा हा तोकडा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो.

शत्रूच्या गोटातून आलेल्या साधनाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पानिपतच्या रणाचा सर्वांत रेखीव वृत्तान्त आपल्याला मिळतो तो काशिराज पंडिताकडून. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. भाऊ आणि शुजा यांच्यातल्या बोलाचालीत त्याचा हात होता. त्याने लिहिले फारसीत आणि तेही जवळजवळ वीस वर्षांनी. त्याला ‘फितूर’ म्हणून बाजूला सारणारे लोक आहेत. पण दोन्ही डेऱ्यांत पाऊल टाकलेला माणूस दुसरा कोण होता? त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात या सर्वांना एकमेकांसमोर उभे करून उलटतपासणी केली, आणि रणभूमी स्वतः पायांखाली घातली. मराठीत युद्धाचे वाचन कसे करावे याचा धडा म्हणून तो ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचावा. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मला पटतो असे नाही. पण पटत नाही तेथे ते माझ्या हातात हत्यार देऊन मग भांडतात.

जाता जाता, एका छोट्या उलटतपासणीची गंमत. ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले’ हे वाक्य दर जानेवारीत आपण ऐकतो. आता स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती हे प्रसिद्ध आहे. संक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकते, मागे नव्हे. मग १८६३ साली जी बाराला होती ती १७६१ साली चौदाला कशी असेल? ती त्याच्याही आधीच, दहाच्या सुमारास असणार. संक्रांत कोसळली, ही म्हण मात्र त्या तारखेवर अशी घट्ट बसली आहे की तिला आता कोणी हलवू नये. एवढे तपासायला कोणतेही दफ्तर लागत नाही, दोन तारखा शेजारीशेजारी मांडाव्या लागतात.

खबरीत पोकळी राहिली की तिच्यात काय भरते, तेही पानिपतनेच दाखवले. भाऊसाहेबांच्या मृत्यूची निःसंशय बातमी लोकांना कधी मिळाली नाही, म्हणून तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणात किल्ले घेतले, माणसे जमवली, आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. पंधरा वर्षे लोकांना भाऊ जिवंत हवे होते. अशा हव्यासाला कोणतेही साधन पुरे पडत नाही.

पानिपतहून शंभर वर्षे पुढे आले की आपल्याला एक निराळाच बातमीदार भेटतो: वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवावी म्हणून हा भिक्षुक उत्तरेत गेला आणि १८५७ च्या वणव्यात सापडला. १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशी घेतली तेव्हा तो शहरात होता. ‘माझा प्रवास’ त्याने पंचविसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिला. वैद्यांनी तो १९०७ साली छापला तो काटछाट करून. मूळ संहिता वाचकाला मिळाली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांच्या हातून. गोडसे भटजी लपून बसले, लुटले गेले, तहानेने तळमळले, आणि जे पाहिले ते सांगताना स्वतःची भीती त्यांनी लपवली नाही. लुटीलाही क्रम असतो, आधी सोनेनाणे जाते आणि पाठोपाठ भांडीकुंडी नि कपडेलत्ते, हे युद्धशास्त्राच्या कोणत्या पोथीत मिळेल?

मात्र हेच भटजी कंपनी सरकारने धर्म बुडवण्यासाठी काढलेल्या चौऱ्यांशी कलमांची हकीकत सांगतात, तेव्हा ते बाजारगप्पा सांगत असतात. झाशीच्या गल्लीविषयी त्यांचा शब्द प्रमाण. कलकत्त्याच्या मसलतीविषयी नव्हे. जेवढे अंतर माणूस चालून गेला, तेवढ्यापुरता तो साक्षीदार. आज गाझातून किंवा खारकीव्हमधून कोणी आपल्या गल्लीचे चित्र पाठवतो, ते बहुधा खरे असते. त्या चित्राखाली तोच जेव्हा वॉशिंग्टनचा डाव उलगडून सांगतो, तेव्हा तो चौऱ्यांशी कलमे सांगू लागलेला असतो. आणि स्टुडिओत बसून नकाशावर काठी फिरवणाऱ्याची स्थिती नेमकी उलटी: त्याला डाव माहीत असतो, गल्ली माहीत नसते. त्याला गल्लीविषयी विचारू नये.

आपल्याकडे एक जुनी चतुराई सांगितली जाते. आपला रेडिओ ऐकावा, शत्रूचा ऐकावा आणि मधले धरावे. ही रीत दिसते शहाणपणाची, पण एकाने शंभर सांगितले आणि दुसऱ्याने शून्य, म्हणून पन्नास खरे ठरत नाहीत. शंभर खरे असू शकतात, शून्यही. सरासरी काढणे म्हणजे दोन बातम्यांना तोलणे नव्हे, न तोलताच सुटका करून घेणे आहे.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो तेथे येतो. वर सांगितलेल्या कसोट्या आपण पानिपतला लावतो, युक्रेनलाही लावू. आपल्या दारातल्या युद्धाला मात्र आपण त्या कधी लावल्या नाहीत. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ चा. त्याआधी हिंगोली परभणीत होती आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजी अमदानीत येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे दुसरे राज्य. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. मध्ये करोडगिरीचे नाके. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. या लढाईला नाव दिले गेले ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे आणि विमाने घेऊन झालेल्या मोहिमेला पोलिसांचे नाव का, याचे उत्तर आमच्या मराठवाड्यात मिळत नाही. ते न्यूयॉर्कला आहे. हैदराबादने आपली तक्रार २१ ऑगस्टलाच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती. दोन देशांतले युद्ध म्हटले की परिषदेचा अधिकार आला. घरातला बंदोबस्त म्हटले की नाही. युद्धाच्या बातमीत पहिले हत्यार नाव हे असते, हे आम्ही आमच्याच जमिनीवर पाहिले आहे.

या युद्धाची साधने थोडी नाहीत. व्ही. पी. मेनन यांनी १९५६ साली दिल्लीची बाजू लिहिली, क. मा. मुनशींनी पुढच्याच वर्षी आपली, आणि निजामाचे शेवटचे दिवाण लायक अली यांनी १९६२ साली त्यांची. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. मराठीत अनंत भालेरावांचा मोठा ग्रंथ आहे, आणि आमच्याच वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी लिहिलेले ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ आहे. कुरुंदकर १९४८ साली सोळा वर्षांचे होते. तरी त्यांनी स्वतःच्या आठवणींत रमण्याऐवजी राज्ययंत्रणेचा विचार केला, म्हणून ते पुस्तक आजही जुने वाटत नाही. रझाकारांनी जे अत्याचार केले, इमरोजचे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये जो खून झाला, सरहद्दीवर कार्यकर्त्यांनी जे हाल सोसले, ते या लेखनात आले आहे, आणि ते खरे आहे.

पण १७ सप्टेंबरनंतरचे काय? नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची एक समिती त्या वर्षाअखेर हैदराबादेत धाडली. ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. मेलेले मुख्यतः मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड येथे सर्वांत जास्त. नांदेड म्हणजे आमची शेजारची वेस. शेजारी मुसलमानांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. हा अहवाल छापला गेला नाही. सामान्य वाचकाला तो २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला, म्हणजे पासष्ट वर्षांनी. पानिपतची चिठ्ठी नऊ दिवसांत औरंगाबादेस पोचायची होती.

अहवालाचा आकडा शेवटचा शब्द आहे असे मी म्हणत नाही. तीन माणसे काही आठवडे फिरली, ऐकले, लिहिले. खुर्दा त्यांनाही पुरता मोजता आला नाही, म्हणून त्यांनी सत्तावीस ते चाळीस असा पल्ला ठेवला. माझ्या दृष्टीने ती त्यांच्या बाजूची साक्ष आहे. आमच्या मराठी कादंबरीने, आणि यात मी स्वतःला वगळत नाही, रझाकार पुष्कळ रंगवला. १७ तारखेनंतर ओस पडलेला मोहल्ला मात्र क्वचितच. स्मरणिका निघाल्या त्या पदके आणि मानपत्रे मिळालेल्यांच्या. वऱ्हाडात पळून गेलेल्या आणि परत आल्यावर जात्याची तळीसुद्धा जागेवर न सापडलेल्या बायका, विणकर, हमाल, कोतवाल, यांच्याकडे कोणी दौत घेऊन गेले नाही. ते आता उरलेले नाहीत.

माणसे गेली तरी एका जातीची साक्ष अजून शिल्लक असू शकेल. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथल्या जुन्या पेढ्यांचा वऱ्हाडातल्या बाजारांशी रोजचा व्यवहार होता. लेव्हीच्या जोंधळ्याचे काय झाले, हाली सिक्क्याचा कलदाराशी भाव कोणत्या दिवशी कोसळला, कोणत्या दिवशी दुकान उघडलेच नाही, कोणत्या खातेदाराच्या नावापुढे येणे कायमचे थकले, हे त्यांच्या रोजमेळांत लिहिलेले असणार. लिहिणाऱ्याला कोणाला शूर किंवा क्रूर ठरवायचे नव्हते. त्याला संध्याकाळी बाकी जुळवायची होती. दर लक्ष्मीपूजनाला आपण नव्या चोपडीची पूजा करतो आणि जुनी माळ्यावर टाकतो, पुढे केव्हातरी ती रद्दीत जाते. संवत २००४ ची चोपडी कोणाच्या माळ्यावर असेल, तर तिची भाद्रपद आणि आश्विन या दोन महिन्यांची पाने मला पाहायची आहेत. मोडी मला वाचता येते.